बँजोच्या पोटात

लालबागला आमच्या चाळीत तळमजल्यावर एक काका राहतात. नात्याने कुणाचेच नव्हेत, म्हणून सगळ्यांचेच. चाळीसेक वर्षं बेंजो वाजवतात. गणपतीत, लग्नाच्या वरातीत, गोविंद्याला, कुणी निवडून आलं तर त्याच्या मिरवणुकीत. गेल्या वर्षी आषाढात त्यांनी मला जिन्यातच अडवलं. "काय रे इंजिनियर, तुझ्याकडे मीटर आहे ना? हा मुका झालाय बघ."

मीटर लावला. पिकअपच्या दोन टोकांमध्ये रीडिंगच येईना. म्हणजे आत कुठेतरी तार तुटलेली. दुकानदाराने त्यांना नवा बेंजो घ्यायचा सल्ला दिला होता. काकांना नवा नको होता. याच्या कळा त्यांच्या बोटांनी घासून बसलेल्या आहेत. मी प्लॅस्टिकचं झाकण उघडलं. आत फायबरच्या दोन पट्ट्यांमध्ये चुंबकाच्या बारक्या कांड्या आणि त्यांच्याभोवती केसाएवढ्या तारेचं भेंडोळं. तारेचं सुरुवातीचं टोक गंजून हिरवं पडलेलं. हे भेंडोळं नव्याने गुंडाळावं लागणार होतं. हजारो वेढे.

त्याच आठवड्यात मी रवी जाधव यांचा 'बँजो' पुन्हा पाहिला. हा लेख त्या सिनेमाबद्दल आहे. पण तो मी ज्या टेबलावर बसून लिहितोय, त्याच टेबलावर शिलाई मशीनच्या मोटरीपासून बनवलेलं तार गुंडाळायचं यंत्र आहे. त्या यंत्राशिवाय मला या सिनेमाबद्दल काही म्हणायचं सुचलं नसतं, म्हणून दोन्हींबद्दल एकत्रच लिहितो.

न्यूयॉर्कहून आलेली दाद

'बँजो' २३ सप्टेंबर २०१६ला आला. रवी जाधव यांचा हा हिंदी सिनेमा. रितेश देशमुख 'तराट' नावाचा बेंजोवादक आहे. तो स्थानिक पुढाऱ्यासाठी वसुली करतो आणि मित्रांबरोबर बेंजो पार्टी चालवतो. ग्रीस, पेपर, वाज्या ही मित्रांची नावंच आपल्याला त्यांच्या कामाधंद्यांकडे नेतात. न्यूयॉर्कमध्ये ख्रिस नावाच्या संगीतकार मुलीच्या कानावर या पार्टीचं वादन पडतं आणि ती त्या सुरांच्या मागावर मुंबईत येते. ही भूमिका नर्गिस फाखरीने केली आहे. संगीत विशाल-शेखर यांचं.

सिनेमा आला तेव्हा मी कॉलेजात होतो आणि तो आपला वाटून खूश झालो होतो. मोठ्या पडद्यावर, चकचकीत हिंदीत, कुणीतरी बेंजोवाल्याला नायक केलं होतं. त्याआधी सिनेमातल्या मिरवणुकीत बेंजो ऐकू यायचा, पण वाजवणाऱ्याचा चेहरा दिसायचा नाही. जाधवांनी तो दाखवला, हे त्यांचं श्रेय आहे आणि ते काढून घ्यायचं कारण नाही.

आता पुन्हा पाहताना मात्र दोन गोष्टी खटकल्या. पहिली बऱ्याच जणांच्या लक्षात आली असेल. वाद्याला मान मिळायचा, तर त्याला परदेशी कान लागतो. गल्लीतल्या माणसांनी वर्षानुवर्षं त्या वाद्यावर नाचून दिलेली दाद सिनेमाच्या हिशेबात दाद नाहीच. ती धरायची झाली, तर सिनेमाला कथाच उरणार नाही.

दुसरी गोष्ट मला काकांचं झाकण उघडल्यामुळे दिसली. या सिनेमाला बेंजोच्या पोटात काय आहे, यात रस नाही. बेंजो तिथे नायकाच्या गळ्यात अडकवलेला असतो. त्याच्यावर रंग आहे, प्रकाश आहे, पाऊस आहे. पण तो कुणीतरी बनवलेला, बिघडणारा, दुरुस्त होणारा पदार्थ म्हणून समोर येत नाही. त्यातून सूर निघतात ते थेट नायकाच्या काळजातून निघाल्यासारखे. मधली तार, चुंबक, सोल्डर, अँप्लिफायर हे सगळं जणू पारदर्शक आहे.

सिनेमा म्हणजे काही आयटीआयचा तास नव्हे, हे मला मान्य आहे. पण याच दिग्दर्शकाचा 'नटरंग' आठवा. २०१०च्या १ जानेवारीला आलेला, आनंद यादवांच्या कादंबरीवरचा. त्यात गुणाचा पैलवानी देह नाच्याचा देह कसा होतो, हे आपण बघतो. खाणं तुटतं, चाल बदलते, मनगट वळायला शिकतं. कला ही अंगावर केलेली मेहनत आहे, हे त्या सिनेमाला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच गुणाचा अपमान आपल्यालाही झोंबतो. 'बँजो'त ही मेहनत गायब आहे. तराटला बेंजो येतो, कारण तो नायक आहे. त्यामुळे त्याचा अपमान होतो तेव्हा आपल्याला माणसाबद्दल वाईट वाटतं, त्याच्या कामाबद्दल नाही.

हे वाद्य नेमकं काय आहे

आपल्याकडच्या बेंजोचा अमेरिकेतल्या बँजोशी नावापलीकडे फारसा संबंध नाही. तिकडच्याला गोल चौकट आणि तिच्यावर ताणलेलं कातडं असतं. आपला बेंजो म्हणजे लांबट पेटी, तिच्यावर पोलादी तारा आणि तारा दाबायला टाइपरायटरसारख्या कळा. डाव्या हाताने कळ दाबायची, उजव्या हातातल्या नखीने तार छेडायची.

मूळ वाद्य जपानचं. १९१२ साली नागोयात गोरो मोरिता याने ते बनवलं. कळांची कल्पना टाइपरायटरवरून आली. त्याच वर्षी जपानात ताइशो कालखंड सुरू झाला, म्हणून नाव ताइशोगोतो. तिथून ते हिंदुस्थानात आलं आणि बुलबुलतरंग झालं. बलुचिस्तानात ते बेंजू झालं आणि तिथल्या लोकसंगीताचं मानाचं वाद्य ठरलं. मुंबईत ते बेंजो झालं आणि रस्त्यावर आलं.

रस्त्यावर येताना त्याला विजेची गरज पडली. ढोल-ताशांपुढे लाकडी पेटीचा आवाज दोन हातांवरही पोचत नाही. म्हणून तारांखाली पिकअप बसला. त्याचं तत्त्व फॅरडेने १८३१ साली दाखवलं तेच. चुंबकाच्या क्षेत्रात पोलादी तार हलली की क्षेत्र हलतं, आणि त्या क्षेत्रात तांब्याच्या तारेचं भेंडोळं असेल तर त्यात बारीकशी वीज निर्माण होते. तीच पुढे अँप्लिफायरमधून मोठी होते. इलेक्ट्रिक गिटारच्या पोटातही हेच आहे. बेंजोवाल्याला रस्त्यावर उभं राहायची ताकद या भेंडोळ्याने दिली. वाद्याचा इतिहास सांगायचा आणि हे वगळायचं, म्हणजे गिरणगावचा इतिहास सांगताना भोंगा वगळण्यासारखं आहे.

आठ हजार वेढे

इलेक्ट्रिक गिटारचा पहिला यशस्वी चुंबकी पिकअप जॉर्ज बोशां याने कॅलिफोर्नियात १९३१च्या सुमारास बनवला. त्याचं पेटंट त्याला १९३७ साली मिळालं. त्याने तार गुंडाळली ती घरगुती मोटरीवर. एका आठवणीनुसार ती वॉशिंग मशीनची होती, तर त्याचा साथीदार पॉल बार्थ याच्या म्हणण्याप्रमाणे शिलाई मशीनची. मी बार्थवर विश्वास ठेवला, कारण दादरला शिलाई मशीनची मोटर सहज मिळाली आणि पायाने दाबायचं पेडल सोबत आलं. दोन्ही हात तारेसाठी मोकळे ठेवायचे असतील तर पेडलला पर्याय नाही.

बाकी सामान लॅमिंग्टन रोडवरून आणलं. एक छोटं मायक्रोकंट्रोलर बोर्ड, आकडे दाखवायला डिस्प्ले, वेढे मोजायला रीड स्विच. मोटरीच्या दांड्यावर चकती, चकतीवर एक चुंबक. प्रत्येक फेरीला चुंबक स्विचसमोरून जातो आणि आकडा एकने वाढतो. चकतीला दुहेरी टेपने बॉबिन चिकटवायचं. तार रिळावरून सुटते, दोन फेल्टच्या तुकड्यांमधून ताण घेते, मग माझ्या बोटांमधून बॉबिनवर जाते.

तार लोहार चाळीतून आणली. वाचलं होतं की बहुतेक पिकअपना ४२ गेजची तार लागते. दुकानात '४२ गेज' मागितलं, त्यांनी ४२ गेज दिलं. तीन हजारच्या आसपास आकडा गेला आणि बॉबिन ओसंडून वाहू लागलं. मीटरवर एक किलोओहमही भरेना, आणि अपेक्षा सहाची. दोन दिवस मी प्रोग्रॅममध्ये चूक शोधत होतो. चूक तिथेही सापडलीच. रीड स्विचची पट्टी बंद होताना थरथरते, आणि माझं बोर्ड अधूनमधून ती थरथरही मोजत होतं. पण ते दुरुस्त करून पुन्हा गुंडाळलं तरी बॉबिन भरलं ते साधारण तेवढ्याच वेढ्यांना, म्हणजे खरा घोटाळा दुसरीकडेच होता. अमेरिकन गेज वेगळा आणि आपल्या बाजारात चालतो तो ब्रिटिश गेज वेगळा. ४२ अमेरिकन म्हणजे सुमारे ०.०६३ मिलिमीटर. ४२ ब्रिटिश म्हणजे ०.१०२. मला हवी असलेली तार आपल्याकडे ४६ गेज म्हणून मिळते. दुकानदाराने मी मागितलं तेच दिलं होतं. चूक माझ्या वाचनाची होती.

मग बरोबर तार मिळाली. आठ हजार वेढे म्हणजे साधारण अकराशे मीटर तार. चिंचपोकळी ते करी रोड एवढं अंतर काड्यापेटीहून थोड्या लांब बॉबिनवर गुंडाळायचं. मिनिटाला आठशे फेऱ्या घेतल्या तर दहा मिनिटांचं काम. पण पहिल्या सहा वेळा मला ते पूर्ण करता आलं नाही. बाराशेवर तुटली, चार हजारांवर तुटली, एकदा सात हजार सहाशेवर तुटली. तार तुटते तेव्हा आवाजही होत नाही. आकडा मात्र पुढे चढत राहतो.

हाताची जादू कुणाच्या नावावर

पिकअपविषयी वाचू लागलं की एक शब्द सारखा भेटतो. हाताने गुंडाळलेला. यंत्राने ओळीने, दाट बसवलेल्या वेढ्यांपेक्षा हाताने सोडलेले वेढे थोडे विस्कटलेले बसतात, आणि त्या विस्कटण्यात आवाजाचा आत्मा आहे, असं मानतात. यात भौतिकशास्त्राचा एक अंश खरा आहे. वेढे विस्कटलेले असले की शेजारशेजारच्या वेढ्यांमधली विद्युत धारिता थोडी कमी होते आणि उंच सुरांना किंचित जास्त वाट मिळते. पण त्याहून कितीतरी मोठा फरक वेढ्यांच्या संख्येने पडतो. वेढे वाढवले की आवाज मोठा होतो, पण जाडही होतो. कमी केले की लहान आणि टोकदार.

या दंतकथेचं सर्वोच्च दैवत म्हणजे गिब्सन कंपनीचे १९५७ ते १९६२च्या काळातले पिकअप. सेथ लव्हर याने १९५५ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि पेटंट मिळेपर्यंत, खरं तर मिळाल्यानंतरही, खाली 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशी चिठ्ठी चिकटवलेली असे. हे पिकअप आज प्रचंड किमतीला विकले जातात. प्रत्येकाचा आवाज वेगळा, म्हणून प्रत्येक अद्वितीय. वेगळा का? तर गुंडाळणाऱ्या यंत्रांवर आपोआप थांबवणारा काउंटर नव्हता. एका बॉबिनवर पाच हजार वेढे अपेक्षित होते, पण बॉबिन भरल्यासारखं दिसलं की कामगार यंत्र थांबवायची. माझ्या रीड स्विचने जे काम केलं, ते तिथे डोळा करत होता. डोळा दमला की वेढे कमी-जास्त. त्या थकव्याला आज संग्राहक 'कॅरेक्टर' म्हणतात.

त्यातली काही यंत्रं लीसोना या नावाची होती. हे नाव वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. लीसोना म्हणजे मूळची युनिव्हर्सल वाइंडिंग कंपनी. जोसेफ लीसन याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत उभी केलेली. तिचा मूळ धंदा कापड गिरण्यांसाठी सूत गुंडाळायची यंत्रं बनवण्याचा. सुताऐवजी तांबं गुंडाळणं ही पुढची पायरी. म्हणजे रॉक संगीताचा सर्वात पूजलेला आवाज एका अर्थाने गिरणीतल्या वाइंडिंग खात्याच्या चुलत घराण्यातला आहे.

माझी आजी वाइंडिंग खात्यात होती.

वाइंडिंग खातं

आमच्या घरात ही गोष्ट सांगितली जायची ती 'आजी पण गिरणीत होती' या अर्धवट वाक्यात. आजोबा साच्यावर होते, त्यांचे किस्से होते, युनियन होती, १८ जानेवारी १९८२ ही तारीख होती. आजीचं फक्त 'पण' होतं.

मुंबईच्या गिरण्यांत बायका मुख्यतः वाइंडिंग आणि रीळिंग या खात्यांत असत. त्यांच्यावर नायकीण असे. पगार तुकड्यावर. १९२०च्या दशकात गिरणी कामगारांत साधारण पाचामागे एक बाई होती, पुढे हे प्रमाण घसरतच गेलं. बायकांना रात्रपाळीला बंदी होती. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा आला, तेव्हा मालकांना बायका महाग वाटू लागल्या. आणि जलद वाइंडिंग यंत्रं आली. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावच्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून नोंदवून ठेवल्या, त्यात बायकांचे आवाज आहेत. पण आपल्या नाटक-सिनेमात गिरणगाव येतं ते मुख्यतः मोडताना. जयंत पवारांचं 'अधांतर' हे मला फार मोठं नाटक वाटतं. संपानंतर एक घर कसं आतून उसवतं, हे त्याच्याइतकं निर्दयपणे कुणी दाखवलं नाही. त्यावरून आलेल्या 'लालबाग परळ'ने तीच पडझड मोठ्या आवाजात मांडली. दोन्हींत काम गेल्याचं दुःख आहे. काम काय होतं, ते करताना बोटांना काय कळत होतं, हे त्यांच्या कक्षेत नाही. नाटकाचा तो विषय नव्हता, त्यामुळे नाटककाराला दोष नाही. पण अशी दहा नाटकं-सिनेमे बघून मोठा झालेला माझ्यासारखा मुलगा गिरणी म्हणजे फक्त गमावलेली वस्तू समजतो. मी रोज लोअर परळला जुन्या गिरणीच्या आवारातल्या काचेच्या इमारतीत कामाला जातो. तिथल्या कॅन्टीनच्या जागी कुठलं खातं होतं, हा प्रश्न मला सात वर्षांत पडला नव्हता.

सहाव्यांदा तार तुटली, तेव्हा आजी दारातून बघत होती. पंच्याऐंशीच्या घरात आहे, गुडघे गेलेत, डोळे शाबूत. म्हणाली, "बाबू, तू आकड्याकडे कशाला बघतोस? तो काय पळून जातोय?" मग खुर्ची ओढून बसली आणि तार हातात मागितली. मी पेडल दाबलं.

तिने तार अंगठा आणि पहिल्या बोटात धरली नाही. मी तशी धरत होतो. तिने ती दोन बोटांच्या मधून नुसती जाऊ दिली आणि तिसऱ्या बोटाच्या टोकाला टेकवली. "बाबीनीच्या काठाला आली की ती थोडी अडते. अडली की बोट सैल सोडायचं. तू तिथेच आवळतोयस." मी फेल्टचा ताण सुधारण्यात आठवडा घालवला होता. ताण फेल्टमध्ये नव्हताच. बॉबिन लांबट असल्यामुळे प्रत्येक फेरीत दोनदा तार ओढली जाते आणि दोनदा सैल पडते. गोल बाबीनीवर काम केलेल्या आजीला हे एका मिनिटात बोटाने कळलं. मला ते आलेख काढूनही कळलं नसतं, कारण मी आलेख काढायचा विचारच केला नव्हता.

आठ हजार पूर्ण झाले. तिने मधे एकच प्रश्न विचारला. "ही तुटली तर गाठ नाही मारता येत?" नाही, म्हटलं, सोल्डर करावं लागतं, आणि आत सांधा राहिला तर भरवसा नाही. "मग तेवढं सगळं वाया?" वाया. "आमच्यात गाठ मारता आली नाही तर उभीच करत नसत." तिने टेबलावरचं वाया गेलेलं भेंडोळं उचललं, मोकळं टोक दोन बोटांवर फिरवलं आणि गाठ मारली. तांब्याच्या केसाएवढ्या तारेला, चष्म्याशिवाय. शेवटची गाठ मारून तिला चाळीसेक वर्षं झाली असतील.

फेंडर कंपनीत अॅबिगेल यबारा नावाची बाई १९५६ साली पिकअप गुंडाळायला लागली आणि २०१३ साली निवृत्त झाली. तिच्या हातच्या पिकअपांना आज वेगळा भाव आहे, त्यांच्यावर तिची आद्याक्षरं शोधली जातात. कारखान्यातल्या एका बाईचं नाव वाद्याच्या इतिहासात शिल्लक राहिलं, याचा मला आनंद आहे. पण ते शिल्लक कसं राहिलं हेही बघायला हवं. जुन्या गिटारींचा बाजार तयार झाला आणि बाजाराला सही लागते. 'हाताची जादू' या शब्दांत हात आहे, पण पाळी नाही, नायकीण नाही, तुकड्यावरचा दर नाही. 'बँजो' सिनेमा नायकाच्या बाबतीत करतो तेच संग्राहक पिकअपच्या बाबतीत करतात. कामाचं रूपांतर आत्म्यात झालं की कामाबद्दल कुणाला काही विचारावं लागत नाही.

गच्चीवरची परीक्षा

मी एकूण तीन पिकअप केले. पहिला आठ हजार वेढ्यांचा, हाताने सोडलेला. दुसराही आठ हजारांचा, पण तार सारखी पुढेमागे नेणारी छोटी मोटर लावून, ओळीने. तिसरा साडेसहा हजारांचा, हाताने. काकांना कुठला कोणता ते सांगितलं नाही. गच्चीवर त्यांचा अँप्लिफायर नेला, पार्टीतला एक ताशेवाला बोलावला.

पहिल्याच फेरीत तिन्ही नापास झाले. स्पीकरच्या जवळ जाताच शिट्टी मारू लागले. सैल वेढे स्पीकरच्या आवाजाने स्वतःच थरथरतात आणि तीच थरथर पुन्हा स्पीकरमध्ये जाते. मिरवणुकीत बेंजोवाला स्पीकरच्या दोन हातांवर उभा असतो, तिथे हे चालणार नाही. उपाय जुना आहे. पॅराफिन आणि मधमाशांचं मेण साधारण पासष्ट अंशांवर वितळवून त्यात पिकअप बुडवायचा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. ते मी आजीच्या दुधाच्या पातेल्यात केलं. त्याबद्दल जे ऐकावं लागलं, ते इथे देत नाही.

दुसऱ्या फेरीत शिट्टी गेली. पहिल्या आणि दुसऱ्या पिकअपमध्ये काकांना फरक वाटला नाही. हाताने सोडलेले वेढे आणि ओळीने बसवलेले वेढे त्यांच्या कानाला एकच. तिसरा लावला, ताशा सुरू होता, आणि त्यांनी दोन ओळी वाजवून मान हलवली. "हा कापतोय. ते दोन बसलेत."

एका माणसाच्या एका संध्याकाळच्या कानावर मी सिद्धांत उभा करत नाही. पण ते शब्द ऐका. कापतो, बसतो. पुढे त्यांनी आणखी दिले. जास्त आवाज दिला की 'फाटतो', चांगल्या अँप्लिफायरवर 'उठतो', आणि पावसात तारा गंजल्या की 'मरतो'. हे मोघम शब्द नाहीत. 'बसला' म्हणजे उंच सूर कमी पडले आणि ढोलाच्या खालच्या आवाजात बेंजो बुडाला. वेढे कमी केल्यावर नेमकं तेच सुधारलं. काकांना धारिता ठाऊक नाही, पण निकष ठाऊक आहे. वाद्य कुठे वाजणार, कशाच्या शेजारी वाजणार, हे त्यात आधीच धरलेलं आहे. 'विंटेज टोन'च्या चर्चेत मला हा निकष कधी भेटला नाही. तिथे आवाज नेहमी शांत खोलीत एकटा असतो.

मराठीत वाद्याच्या पोटाबद्दल बोलायची परंपराच नाही, असं नाही. तंबोऱ्याची जवारी घ्या. मिरजेच्या कारागिरांनी घोडीच्या पृष्ठभागावर केलेलं ते काम आपल्या संगीतविषयक लेखनात सन्मानाने येतं. जवारी खुली, बंद, गोल. ऐकणाऱ्यालाही हे शब्द माहीत असतात. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. जवारी आणि पिकअप ही दोन्ही तारेच्या कंपनाला आकार देणारी कामं आहेत. एक मैफलीच्या बाजूला आहे, दुसरं मिरवणुकीच्या. एकाला शब्द मिळाले, कारण ऐकणारे लिहिणारे होते. दुसऱ्याचे शब्द गच्चीवर आणि टेम्पोत आहेत, कुणी लिहून घेतलेले नाहीत.

'बँजो'कडून माझी अपेक्षा एवढीच होती. वाद्य मुकं झाल्याचा एक प्रसंग. मिरवणूक दोन तासांवर, झाकण उघडलेलं, आणि चार मित्रांपैकी ज्याचं नाव ग्रीस आहे त्याच्या हातात सोल्डरिंग आयर्न. त्या दोन मिनिटांत या माणसांना काय येतं हे कळलं असतं, आणि मग त्यांना न्यूयॉर्कहून कुणी येऊन सांगायची गरज उरली नसती. अशा प्रसंगाला वेगळं बजेट लागत नाही. त्यासाठी बेंजोवाल्यांकडे संगीताचे जाणकार म्हणून बघावं लागतं, नुसतं उपेक्षित म्हणून नव्हे. सिनेमा त्यांच्यावर प्रेम करतो, यात शंका नाही. फक्त त्यांना काही विचारत नाही.

मलाही हे सांगायचा फार अधिकार नाही. आजीसोबत एका घरात अठ्ठावीस वर्षं राहून मी तिला तिच्या कामाबद्दल पहिला प्रश्न विचारला तो माझी तार सहा वेळा तुटल्यावर.

गणपतीत काकांचा बेंजो वाजला. चाळीच्या कोपऱ्यावर टेम्पो वळला, तेव्हा ताशाच्या वरून तो स्वच्छ ऐकू येत होता. कापत होता. विसर्जनानंतर चार दिवसांनी काका वर आले. करी रोडच्या आणि काळाचौकीच्या पार्टीवाल्यांना तसलेच दोन हवे होते. "पैसे सांग, उगाच घरच्यासारखं करू नकोस."

काय सांगावं, मला कळेना. तार, मेण आणि चुंबकांचा हिशेब सोपा होता. पुढे काय धरायचं? माझ्या ऑफिसच्या तासाच्या हिशेबाने धरलं तर कुणालाच परवडणार नाही. काहीच नाही धरलं, तर हे काम फुकट आहे असं मीच म्हटल्यासारखं होईल.

आजी आतून म्हणाली, "तुकड्यावर घे. आणि तुटलेले पण धर. आम्हाला नाही धरून दिले कधी."

दर अजून ठरलेला नाही. पहिलं बॉबिन चकतीवर चिकटवून ठेवलं आहे.